वाडीतली साथ दिल्लीपर्यंत कशी पोचवायची

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मी ३३ वर्षं नोकरी केली. आधी उपकेंद्रावर आरोग्य सेविका, शेवटची ९ वर्षं आरोग्य सहाय्यिका. निवृत्त झाले तरी आशाताईंचे फोन येतात. "मॅडम, वाडीत चार जणांका जुलाब लागलेहत. कळवू काय थांबू?" त्या फोनवर मी जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. आशा, नव्याने रुजू झालेल्या सेविका, शाळेतले गुरुजी, ग्रामपंचायतीचे सदस्य, औषधाचं दुकान चालवणारे, सगळ्यांनाच याचा उपयोग व्हावा.

सुरुवात वरून करू, म्हणजे आपण लिहितो ते कुणासाठी हे कळेल.

दिल्लीला शामनाथ मार्गावर राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आहे. सगळे त्याला एनसीडीसी म्हणतात. १९०९ मध्ये कसौलीला हिवतापासाठी एक छोटं केंद्र सुरू झालं, ते १९३८ मध्ये दिल्लीला आलं, १९६३ मध्ये त्याची राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था झाली आणि २००९ मध्ये आजचं नाव मिळालं. तिथे रुग्ण दाखल होत नाहीत. देशभरातल्या साथींच्या नोंदी तिथे येतात, त्या रोज वाचल्या जातात, नमुने तपासले जातात, साथीचा माग काढणारी माणसं तयार केली जातात आणि एखाद्या राज्याला गरज पडली की तिथून पथक निघतं. आरोग्य हा राज्याचा विषय आहे. त्यामुळे पहिलं काम गावाचं, मग तालुक्याचं, जिल्ह्याचं, राज्याचं, आणि दिल्ली त्यांच्या पाठीशी.

या संस्थेचं सगळ्यात मोठं काम मला विचाराल तर मी नारूचं सांगेन. पायातून हातभर लांब जंत बाहेर येणारा हा रोग आज तरुण सेविकांना पुस्तकातच भेटतो. त्यावर लस नव्हती, जंत मारणारं औषध नव्हतं. घरोघर फिरून रुग्ण शोधले, लोकांना पाणी गाळून प्यायला शिकवलं, पायऱ्यांच्या विहिरींत पाय बुडवणं बंद केलं. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने दिलं. मोहिमेची सूत्रं दिल्लीच्या याच संस्थेकडे होती, पण रुग्ण शोधला तो दार वाजवणाऱ्या माणसाने. मी नव्या मुलींना हेच सांगते. दिल्लीला आपली वाडी दिसते ती आपण लिहिलेल्या ओळीतून. ती ओळ नीट कशी लिहायची, एवढंच मला सांगायचं आहे.

साथ म्हणायचं कधी

थांबायचं नाही, हे पहिलं. "अजून दोन दिवस बघू" या वाक्याने जितकं नुकसान केलं तितकं कुठल्या जंतूने केलं नसेल.

प्रशिक्षणात आम्हाला काही खुणा पाठ करायला लावल्या होत्या, त्या आजही कामाच्या आहेत. एका गावात दहाहून जास्त घरांत जुलाब असतील तर साथ. पण पाच वर्षांवरचा एकही माणूस जुलाबाने पाणी आटून गंभीर झाला किंवा दगावला तर दहा घरांची वाट बघायची नाही. कॉलरा असू शकतो असं धरून त्याच तासाला फोन करायचा. हजार वस्तीच्या गावात वेगवेगळ्या घरांत दोनहून जास्त कावीळवाले दिसले की कळवायचं. ताप आणि अंगावर पुरळ असलेलं प्रत्येक मूल कळवायचं. १५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर एकच मूल पुरे.

जनावरांकडेही लक्ष हवं. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरायला लागले, घरांत पिसवा झाल्या, मग माणसांच्या जांघेत गाठी आल्या. प्लेगची ती सुरुवात होती. पुढच्याच महिन्यात सुरत हादरली. त्या धक्क्यातून देशाने रोग सर्वेक्षणाची पद्धत नव्याने बांधली आणि नोव्हेंबर २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. आयडीएसपी म्हणतात तो हाच. मेलेले उंदीर, मेलेली माकडं, एकाएकी मेलेल्या कोंबड्या या सगळ्या बातम्या आपल्याच आहेत.

कोणता रोग आहे हे आपल्याला कळायलाच हवं असं नाही. "काहीतरी नेहमीपेक्षा वेगळं आहे" एवढं कळणं हे आपलं काम. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडले. एरवी क्वचित दिसणारा आजार, आणि इथे हातापायांतली शक्ती गेलेली माणसं एकामागून एक रुग्णालयात येत होती. हे वेगळं आहे, हे उपचार करणाऱ्यांनी ओळखलं आणि कळवलं. मग महापालिका आणि राज्य कामाला लागलं. केंद्राने सात तज्ज्ञांचं पथक दिलं. त्यात एनसीडीसीचे, बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मज्जासंस्थेच्या संस्थेचे आणि पुण्याच्या एनआयव्हीचे, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेचे लोक होते. काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू मिळाला आणि सगळ्यांच्या नजरा पिण्याच्या पाण्याकडे वळल्या. रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. सुरुवात मात्र कुणाच्या तरी मनात आलेल्या शंकेने झाली होती.

वही कशी घालायची

याला कार्यालयात लाइन लिस्ट म्हणतात. साधी शंभर पानी वही चालते. पान आडवं धरायचं आणि रकाने आखायचे: अनुक्रमांक, नाव, वय, स्त्री की पुरुष, वाडी आणि घर, आजार सुरू झाल्याची तारीख, लक्षणं, पाणी कुठलं, नमुना घेतला का आणि कधी, औषध काय दिलं, दवाखाना कुठला, आता कसा आहे. एका माणसाला एक ओळ.

सगळ्या रकान्यांत एकाचं महत्त्व मला सर्वांत जास्त वाटतं: आजार सुरू झाल्याची तारीख. नव्या सेविका तिथे आपण त्या घरी गेलो ती तारीख लिहितात. मग आठ घरांत आठही जण एकाच दिवशी आजारी पडल्यासारखे दिसतात, कारण फेरी एकाच दिवशी झाली. ती वही बघून तालुक्याचा, जिल्ह्याचा, दिल्लीचा, कुणीही माणूस चुकीच्या दिशेने विचार करणार.

खेड्यात तारीख विचारून मिळत नाही. "झाले तीन-चार दिवस" असं उत्तर येतं. तेव्हा वार विचारा. सावंतवाडीचा बाजार मंगळवारी भरतो. ताप बाजाराच्या आधी आला की नंतर? एकादशीचा उपास होता का त्या दिवशी? पोरगं शाळेत गेलं होतं का? रेशनचं धान्य आणलं तेव्हा बरा होता का? असं विचारलं की माणूस स्वतःच आठवत आठवत नेमक्या दिवसावर येतो. मी खिशात छोटं पंचांगवालं कॅलेंडरच ठेवायचे.

तारखा नीट मिळाल्या की दुसरं पान उघडा आणि प्रत्येक रुग्णासाठी त्याच्या तारखेवर एक चौकोन काढा, चौकोनावर चौकोन रचत. सगळे चौकोन एक-दोन दिवसांत उंच मनोऱ्यासारखे उभे राहिले तर बहुतेक सगळ्यांनी एकाच वेळी एकाच जागचं काही खाल्लं किंवा प्यायलं आहे. हळूहळू चढत गेले तर ते एकमेकांकडून किंवा चालू असलेल्या कारणातून पसरतं आहे. कावीळ असेल तर आणखी मागे जावं लागतं, कारण पाण्यातून आलेली कावीळ दिसायला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. म्हणून कावीळवाल्याला आज कुठलं पाणी पितोस हे विचारून भागत नाही. गेल्या महिन्यात पाइप कधी फुटला होता, लग्नाला कुठे गेला होतास, टँकर कुठून आला होता, हे विचारा. घरात गरोदर बाई असेल तर तिचं नाव वेगळ्या शाईने लिहा. पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतते.

तिसरं पान नकाशाचं. घरं, विहिरी, व्हाळ (ओढे), शौचालयं, गुरांचे गोठे. आजारी घरांवर टिंब. माझ्या एका गावात दोन वाड्यांची टिंबं बघून मला काहीच सुचत नव्हतं. दोन्ही वाड्यांच्या विहिरी वेगळ्या, मध्ये डोंगराची सोंड. एका आजीने नकाशावर बोट ठेवलं. "बाय, ह्या दोनय वाडयांची पोरां एकाच शाळेत जातंत." पाणी शाळेच्या टाकीचं होतं.

औषधाआधी नमुना

इथे मी माझ्याच चुकीची गोष्ट सांगते.

नोकरीचं तिसरं वर्ष. पावसाळ्याच्या तोंडाला एका वाडीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. मी धावत गेले, घरोघर ओआरएस दिलं, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लिहून दिलेल्या गोळ्या वाटल्या, ग्रामपंचायतीच्या शिपायाने विहिरीत भरपूर ब्लीचिंग पावडर (टीसीएल) टाकली. चार दिवसांनी जिल्ह्याचे साहेब आले आणि म्हणाले, नमुने द्या. मी शौचाचे नमुने घेतले, त्यांत काही वाढलं नाही. पाण्याचा नमुना घेतला, तो पिण्यास योग्य आला. कागदावर आमची वाडी ठणठणीत होती आणि इकडे एक म्हातारे गृहस्थ गेले होते. कशामुळे गेले, ते आजही कुणाला सांगता येणार नाही. त्यांच्या सुनेने मला विचारलं होतं आणि मी मान खाली घातली होती.

म्हणून क्रम पाठ करा. गंभीर रुग्णाचा जीव वाचवणं आधी. त्याला ओआरएस, सलाइन, रुग्णालय, यात एक मिनिटही उशीर नको. पण नव्याने आजारी पडलेल्या पाच-सहा जणांचा नमुना प्रतिजैविकाची पहिली गोळी देण्याआधी घ्या. शौचाचा स्वॅब, म्हणजे नमुना घेतलेली कापसाची काडी, कॅरी ब्लेअरच्या (जंतू प्रवासात टिकवणाऱ्या माध्यमाच्या) नळीत बुडवायचा, काडी मोडून झाकण घट्ट लावायचं, नळीवर नाव, तारीख, वेळ. नळी उन्हात, मोटारसायकलच्या डिकीत ठेवायची नाही.

पाण्याचा नमुना विहिरीत टीसीएल पडण्याआधी घ्यायचा. पावडर आधीच पडली असेल तरी घ्या, पण तसं स्पष्ट लिहा आणि ओटी टेस्टचा, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरिन मोजणाऱ्या चाचणीचा, आकडाही लिहा. निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतून येते. क्लोरिनच्या पाण्यासाठीच्या बाटलीत क्लोरिन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं. आपली सवय अशी की बाटली मिळाली की ती विसळायची. ही बाटली विसळू नका. विसळली की औषध गेलं आणि बाटलीतल्या क्लोरिनने प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासात जंतू मारून टाकले. बाटली काठोकाठ भरायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, बर्फाच्या पेटीत ठेवून २४ तासांच्या आत पोचवायची.

नमुना घेऊन झाला की मग विहीर. साथ असताना टीसीएल अंदाजाने टाकू नका. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली दोरीने मोजा, मीटरमध्ये. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ३.१४, भागिले ४, आणि त्याला हजाराने गुणलं की लिटर मिळतात. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली तर ७० ग्रॅम. उघड्या पोत्यातल्या पावडरीचा जोर गेलेला असतो, तिला जास्त लागते. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरायची, चुना तळाशी बसू द्यायचा, आणि वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरीने विहिरीच्या पाण्यात बुडवून वरखाली, डावीउजवीकडे हलवायची. चुन्याचा गाळ विहिरीत टाकू नका. एक तासाने ओटी टेस्ट. थेंब टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांत जो पिवळा रंग दिसतो तो खरा, नंतर चढलेला धरायचा नाही. साथीत एका तासानंतर क्लोरिन लिटरला ०.५ मिलिग्रॅम आलंच पाहिजे. कमी आलं तर पुन्हा टाका.

फोन आणि फॉर्म

माझ्या वेळी कागद होते. सेविकेचा एस फॉर्म, वैद्यकीय अधिकाऱ्याचा पी फॉर्म, प्रयोगशाळेचा एल फॉर्म. एस म्हणजे लक्षणांवरून, पी म्हणजे डॉक्टरांच्या तपासणीवरून, एल म्हणजे नमुन्यावरून. सोमवार ते रविवारचा आठवडा धरून ते गोळा व्हायचे. आता फॉर्म तेच, पण २०२१ पासून देशभर ते ऑनलाइन, आयएचआयपी या सरकारी आरोग्य-माहिती पोर्टलवर, रोज भरायचे असतात. आठवडाभर साचवून रविवारी रात्री सगळे दिवस भरून टाकणं हा स्वतःशी आणि गावाशी अन्याय आहे. साथीत सात दिवस म्हणजे फार.

'निरंक', म्हणजे एकही रुग्ण नाही, या शब्दाबद्दल मी जरा कडक आहे. निरंक लिहायचं तर फेरी करून लिहा. फिरून आलेलं निरंक ही मोलाची माहिती आहे. त्यावरून वरच्या माणसाला कळतं की या भागात लक्ष आहे आणि आजार नाही. न फिरता लिहिलेलं निरंक वरच्या माणसाची नजर दुसरीकडे वळवतं, आणि मधल्या काळात वाडी उघडी पडते.

फॉर्म भरलात तरी फोन कराच. आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. ते मिळाले नाहीत तर तालुका आरोग्य अधिकारी. तेही मिळाले नाहीत तर जिल्हा सर्वेक्षण अधिकारी. सरपंच, शिक्षक, दुकानदार यांनी आशाला किंवा सेविकेला सांगावं. तिथून दाद लागली नाही तर राज्याचा १०४ आणि केंद्राचा १०७५ आहे. फोनवर कहाणी सांगत बसू नका. मी सेविकांना एका दमात म्हणायला लावायचे: "अमुक गाव, अमुक वाडी, लोकसंख्या इतकी. जुलाब-उलट्या. पहिला रुग्ण अमुक तारखेला. आजपर्यंत १४, गंभीर २, मृत्यू नाही. पाणी एका विहिरीचं. नमुने घेतले, पावडर टाकली." इतकं ऐकून समोरचा माणूस गाडी काढतो.

गावातून दबाव येतो, तोही सांगायला हवा. एका वर्षी जत्रा पाच दिवसांवर होती आणि मानकरी घरी आले. "आता कळवलंत तर लोक येणार नाहीत, गावाचं नाव खराब होईल." मी त्यांना आत बसवलं, चहा दिला आणि वही दाखवली. चौकोन चढत चालले होते. जत्रेला गोव्यातून, कोल्हापुरातून माहेरवाशिणी येणार, त्यांची लेकरं हेच पाणी पिणार. ते बराच वेळ वहीकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच माणसांनी जत्रेसाठी क्लोरिनचं पाणी टाकीत भरून ठेवलं आणि ओटी टेस्टसाठी मला स्वतः बोलावून नेलं. माणसं वाईट नसतात, घाबरलेली असतात. वही समोर ठेवली की बोलणं सोपं होतं.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: रुग्णांची यादी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आकडे सांगा, नावं सांगू नका.

वर गेल्यावर काय होतं

तालुक्यातून ती खबर जिल्ह्याच्या सर्वेक्षण कक्षात जाते, तिथून पुण्याच्या राज्य कक्षात आणि दिल्लीला एनसीडीसीतल्या केंद्रीय कक्षात. साथ म्हणून नोंद झाली की तिला क्रमांक मिळतो. त्यात राज्य, जिल्हा, वर्ष, आठवडा असं सगळं असतं. मग देशभरातल्या साथींच्या साप्ताहिक अहवालात तिची एक ओळ होते: रोग कोणता, रुग्ण किती, मृत्यू किती, साथ कधी सुरू झाली, कधी कळवली, आता काय स्थिती, काय केलं.

त्यातले 'कधी सुरू झाली' आणि 'कधी कळवली' हे दोन रकाने शेजारी शेजारी असतात. त्या दोन तारखांमधलं अंतर म्हणजे आपल्या कामाचा आरसा. आठवतं ना, तारखेचा रकाना किती जपायला सांगितला ते?

वर बसलेल्या माणसाला आपल्याला न दिसणारी गोष्ट दिसते. आपण आपली वाडी बघतो. तो शेजारचं राज्यही बघतो. याचा अर्थ मला माकडतापाच्या वेळी पुरता कळला.

माकडताप: एका आजाराची पूर्ण फेरी

हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. ओळखला तो पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने. जंगलातल्या गोचिडी चावून तो होतो. माकडांना झाला की ती मरतात. अनेक वर्षं तो कर्नाटकातच होता. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात आला आणि २०१६ मध्ये आमच्या दोडामार्ग तालुक्यात.

आमच्याकडे काजूचा हंगाम म्हणजे घरातली सगळी माणसं बागेत. पालापाचोळ्यात हात घालून बोंडं गोळा करायची. त्याच दिवसांत गोचिडीची पिल्लं पाचोळ्यात असतात, डोळ्यांना धड दिसणारही नाहीत इतकी बारीक. माणूस चार दिवसांनी तापाने फणफणतो, डोकं फुटेल असं दुखतं, अंग मोडतं, काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. आधी सगळ्यांना वाटतं डेंगी, नाहीतर लेप्टो.

आता आमच्या भागातली अडचण बघा. माणूस गंभीर झाला की आमच्याकडे त्याला बांबोळीला नेतात, गोवा मेडिकल कॉलेजला. घर महाराष्ट्रात, रुग्ण गोव्यात, पलीकडचं जंगल कर्नाटकात. तीन राज्यं, तीन दप्तरं. गोचीड कुठल्याच नाक्यावर थांबत नाही. अशा वेळी तिन्हीकडच्या ओळी एकत्र वाचणारं राष्ट्रीय पातळीवर कुणीतरी असावंच लागतं, आणि रुग्णाच्या कागदावर त्याचा मूळ गाव असावाच लागतो. म्हणून आमच्या वाडीतलं कुणी गोव्याला नेलं की मी नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी द्यायचे: गाव, वाडी, तालुका, जिल्हा, ताप सुरू झाल्याची तारीख, काजूच्या बागेत गेला होता, बागेत माकड मेलेलं होतं. डॉक्टरांना ती चिठ्ठी मिळाली की शोध घ्यायची दिशा मिळते.

तापाची तारीख इथेही लागते. आजाराच्या पहिल्या काही दिवसांत रक्तात विषाणू सापडतो, नंतर त्याविरुद्धची प्रतिद्रव्यं. कितव्या दिवशीचं रक्त आहे त्यावरून कोणती चाचणी लावायची ते ठरतं. डेंगीचंही तसंच. नमुन्यासोबतच्या कागदावर तारीख नसेल तर चाचणी करूनही उत्तर चुकू शकतं.

आणि मेलेलं माकड. "बाय, बागेत माकड मेलेला आसा, वास येता," असा निरोप आला की त्याला हात लावायचा नाही, ओढायचं नाही, पुरायचं नाही. मेलेल्या अंगावरून गोचिडी उतरून आसपास पसरतात. कुणाला तिथे जाऊ द्यायचं नाही, जागेची खूण लक्षात ठेवायची आणि आरोग्य केंद्र, पशुवैद्यकीय दवाखाना, वनखातं तिघांनाही कळवायचं. तपासणी झाली की त्या परिघात गोचीडनाशक पावडर मारतात. बागेत जाणाऱ्यांनी हातापायांना गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल लावायचं, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करायची, कपडेही गरम पाण्यात टाकायचे. बायका म्हणायच्या, त्या तेलाचा वास सहन होत नाही. मी त्यांच्यासमोर स्वतः लावून बागेत बसायचे.

पथक आलं तर

जिल्ह्याचं जलद प्रतिसाद पथक असो की पुणे-दिल्लीची माणसं, त्यांना आधी वाडीत न्या. पहिल्या रुग्णाच्या घरी, मग विहिरीवर, मग कार्यालयात. पथक येणार म्हणून आदल्या दिवशी गटार साफ करू नका, टाकी धुऊ नका. जसं आहे तसं दिसू दे. आपण काय केलं ते तारखेसह सांगा आणि काय करायचं राहिलं तेही सांगा. बाहेरची माणसं हिंदी-इंग्रजीत विचारतात, वाडीतली माणसं मालवणीत उत्तर देतात. मधला दुवा आपण. उत्तर गोड करून सांगू नका, आहे तसं सांगा. वहीची झेरॉक्स त्यांना द्या, मूळ वही आपल्याकडे ठेवा.

लुळ्या पडलेल्या मुलाच्या बाबतीत पथक येईपर्यंतही थांबायचं नसतं. लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने, बर्फात ठेवून मुंबईच्या प्रयोगशाळेत. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, आणि २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त झालो. तरी हे नमुने आजही घेतले जातात आणि घेत राहायला हवेत. आईला नीट समजावून सांगा, नाहीतर ती म्हणते, पोर बरं झालं, आता कशाला.

साथ संपली कधी म्हणायचं

रुग्ण कमी झाले म्हणजे साथ संपली असं होत नाही. त्या रोगाला अंगात मुरायला जास्तीत जास्त जितके दिवस लागतात, त्याच्या दुप्पट दिवस नवा रुग्ण मिळाला नाही तर संपली. कॉलऱ्याला पाच दिवस धरले तर शेवटच्या रुग्णानंतर दहा. ते दहा दिवस फेरी चालू, ओटी टेस्ट चालू, ओआरएसची पाकिटं आशाच्या घरी तयार. मग वहीत शेवटची तारीख घालायची आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही घ्यायची.

त्यानंतर एक काम उरतं, ते कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. ज्यांचं रक्त घेतलं, ज्यांची विहीर तपासली, त्यांच्या घरी परत जा आणि अहवाल काय आला ते सांगा. कित्येकदा अहवाल वर जातो, खाली येतच नाही. तेव्हा केंद्रावर जाऊन विचारा, फोन करा, पुन्हा विचारा. माकडतापातून उठलेल्या एका काजूवाल्या काकांना मी त्यांचा अहवाल वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी तो कागद घेऊन देवघरात पंचांगामागे ठेवला. पुढच्या हंगामात त्यांच्या बागेत माकड मेलं, तेव्हा उजाडायच्या आत त्यांचा फोन आला. त्यांनी आधी तारीख सांगितली, मग जागा.